कुंपणावर फांद या रानभाजीची वेल लावायची तर: बी ओळखण्यापासून पहिल्या खुडणीपर्यंत

"फांदीचं बी लावलं, महिनाभर पाणी घातलं, एक कोंब आला नाही." पावसाळा तोंडावर आला की हे ऐकू येतंच. बी खराब निघालं म्हणून माणूस नाद सोडतो. खरं तर बहुतेक वेळा बी चांगलं असतं, फक्त त्याच्या आत पाणी शिरलेलं नसतं. जिथे उगवतं तिथे दुसरी गडबड झालेली असते: वेलच भलती निघते, नाहीतर रोप पिशवीत इतकं रेंगाळतं की मुळाचं वेटोळं होऊन बसतं.

फांद, फांजी किंवा फांग या नावांनी ओळखली जाणारी ही वेल (शास्त्रीय नाव रिव्हिया हायपोक्रॅटेरिफॉर्मिस) हरणपदीच्या कुळातली, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीच्या गोतातली. कोरड्या माळावर, खुरट्या झुडपांत, शेराच्या आणि साबराच्या जुन्या कुंपणांवर ती आपसूक चढते. गावोगाव नावं बदलतात आणि एकाच नावाखाली दोन वेगळ्या वेलीही दाखवल्या जातात. म्हणून कुणी नुसतं नाव सांगून बी दिलं तर लगेच पेरू नका. आधी पहिला टप्पा करा.

कामाचं वेळापत्रक

खालचे टप्पे वर्षभर पसरलेले आहेत. घाईने जूनमध्ये थेट पेरणीनेच सुरुवात केली तर हाती काही लागत नाही.

- पावसाळ्यात: पानावरून वेल हेरणे
- पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि पुढे: रात्री फूल बघून खात्री करणे, खूण बांधणे
- दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत: वाळलेली फळं गोळा करणे
- मेच्या शेवटच्या आठवड्यात: बी टोकरून (साल एका जागी घासून) पिशवीत पेरणे
- पाऊस बसल्यावर: जागेवर लावणी

टप्पा 1: वेल दोनदा ओळखा

पहिली ओळख पानावर. फांदीचं पान गोलसर असतं, पुष्कळदा लांबीपेक्षा रुंदीला जास्त. देठाकडे खोल खाच असते आणि टोक बोथट, कधी किंचित आत दबलेलं. वरून पान हिरवं, शिरा दबलेल्या. आता पान उलटं करा. खालच्या बाजूला रेशमासारखी, अंगासरशी चिकटून बसलेली लव दिसते. कोवळा शेंडा बघा: तिथे ही लव इतकी दाट असते की तिरप्या उन्हात शेंडा रुपेरी वाटतो. ही खूण कोवळ्या भागावरच बघायची. जून पानांवरची लव विरळ होते आणि मग शंका येते. जुन्या वेलीचा बुंधा लाकडी झालेला असतो.

इथे चुका होतात त्या या वेलींशी:

*गुळवेल.* पान बदामी, पण टोक निमुळतं, दोन्ही बाजू गुळगुळीत. खोडावर बारीक पुटकुळ्या, वरून लोंबणारी दोऱ्यासारखी मुळं. लव नसेल तर तिथेच थांबा.

*पहाडवेल.* पान गोलसर आणि लवदारही असतं, म्हणून फसगत होते. देठ कुठे जोडलाय ते बघा. पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला न जोडता थोडा आत, पानाच्या पाठीला जोडलेला असतो. फांदीचा देठ खाचेतच असतो.

*उतरण.* पान तोडल्यावर भळभळ पांढरा चीक आणि उग्र वास. फळांवर मऊ काटे आणि ती जोडीने येतात.

*समुद्रशोक.* ही फांदीची भाऊबंद, पण पान चांगलं ताटाएवढं होऊ शकतं, खालून पांढरी मखमल, फुलं गुलाबी-जांभळी. बागेतून सुटून कुंपणावर आलेली पुष्कळ ठिकाणी दिसते.

*बेशरम.* ओढ्याकाठी, गटाराशेजारी उभं वाढणारं झुडूप, फुलं फिकट गुलाबी. हिचा पाला शेळ्यांना विषारी आहे. फांद म्हणून तो चुलीवर जाता कामा नये.

दुसरी ओळख फुलावर, आणि हीच पक्की. फांदीचं फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि सकाळच्या उन्हात मान टाकतं. पांढरंशुभ्र, सुवासिक, लांब बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी सपाट पसरलेला पाकळ्यांचा घेर. बॅटरी घेऊन अंधार पडल्यावर जा. दिवसा गेलात तर कोमेजलेला चोथा दिसेल आणि त्यावरून काहीही ठरवता येणार नाही. बागेत लावतात ती चांदणवेलही पांढरी आणि रात्री फुलणारी, पण तिचं पान टोकदार असतं, खालून रेशमी नसतं आणि खोडावर बहुधा मऊ काटेरी उंचवटे असतात.

खात्री झाली की बुंध्याशी चिंधी बांधा आणि मोबाइलवर जागेसकट फोटो घ्या. हे काम टाळू नका. उन्हाळ्याकडे पानं झडतात, चार वेलींचं जाळं एकात एक गुंतलेलं असतं आणि त्या वेळी कुठलं फळ कुणाचं हे सांगणं अवघड जातं.

> थांबा: वेल कुणाच्या जमिनीत आहे ते विचारा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून बी, पाला, काहीही परवानगीशिवाय आणायचं नाही. बांधावर, गायरानाच्या कडेला, ओळखीच्या शेतात वेल मिळत असताना तिथे जायचं कारणही नाही.

टप्पा 2: फळ वेलीवर वाळू द्या

फळ गोल, गुळगुळीत, पिकल्यावर तपकिरी आणि चकचकीत. खाली निदलांचं कडक झालेलं बशीसारखं बूड असतं. बहुतेक मॉर्निंग ग्लोरींची बोंडं वाळून आपोआप तडकतात, फांदीचं फळ तडकत नाही. त्यामुळे बोंड फुटायची वाट बघत बसलात तर उंदीर, मुंग्या किंवा वारा आधी येऊन जातील.

केव्हा तोडायचं? रंग हिरव्यातून पूर्ण तपकिरी झालेला हवा, देठ वाळलेला हवा आणि फळ कानाशी हलवल्यावर हलकंसं वाजलं तर उत्तम. हिरवट फळ तोडून घरी वाळवू नका. बाहेरून ते तपकिरी होतं, आत बी मात्र पोचट राहतं, आणि हा घोटाळा तुम्हाला थेट जूनमध्ये कळतो.

एका वेलीवरची सगळी फळं उतरवू नका. निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या. शक्य असेल तर जवळपासच्या तीन-चार वेगवेगळ्या वेलींवरून थोडी थोडी घ्या. बी आपल्याच भागातलं असावं, हा माझा आग्रह आहे: आपल्या मुरमाची आणि आपल्या पावसाची सवय असलेली वेल समोर उभी असताना दुसऱ्या टोकाचं बी कुरिअरने कशाला मागवायचं?

टप्पा 3: बी काढणं आणि निवडणं

फळ पाट्यावर ठेवून वरवंट्याने हळूच दाबा. साल फुटली की पुरे. आत वाळका पिठूळ गर आणि त्यात एक ते चार बिया असतात. गर राहिला तर बुरशी धरते, म्हणून बिया कोरड्या फडक्यावर चोळून साफ करा. चार भरल्या तर प्रत्येक बी तीन बाजूंचं होतं: पाठ गोल, दोन बाजू सपाट. एकच भरलं तर ते गोलसर राहतं. दोन्ही चालतात.

आता एकेक बी बोटांत धरून बघा. टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक असेल तर आत भुंगेऱ्याची अळी वाढून निघून गेलेली आहे. असं बी टाका. सुरकुतलेलं, नखाने दाबल्यावर पिचणारंही टाका.

पाण्यात टाकून तरंगतं ते वाईट, बुडतं ते चांगलं, ही कसोटी इथे धरू नका. साल कडक असल्याने आत पोकळी राहिलेलं चांगलं बीही तरंगू शकतं. डोळ्यांनी आणि नखाने केलेली निवड जास्त भरवशाची.

निवडलेलं बी दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, थोडी चाळलेली राख लावून कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर गाव, महिना आणि वेलीची खूण लिहा. पंधरा दिवसांनी पाकीट उघडून तळाशी भुकटी दिसते का बघा. दिसली तर आत कीड राहिली आहे. तेव्हा पुन्हा निवड करा.

> सावध: हे बी खायचं नाही, औषध म्हणून चाखायचंही नाही. भाजी पानांची होते. याच कुळातल्या समुद्रशोकाच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि काळा दाणा नावाच्या वेलीचं बी जहाल रेचक आहे. पाकीट स्वयंपाकघरातल्या डब्यांत ठेवू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

टप्पा 4: बी टोकरणं

सगळं इथे अडतं, म्हणून इथे वेळ द्या.

या कुळातल्या बियांची साल पाणी आत घेत नाही. रानात ऊन, थंडी, मातीची घासाघीस यांनी ती हळूहळू सैल होते आणि बी दोन-तीन पावसाळ्यांत मागेपुढे उगवतं. वेलीच्या दृष्टीने हे शहाणपणाचं, कारण एका वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला तरी सगळं बी वाया जात नाही. पण आपल्याला रोपं एकाच वेळी हवीत. त्यासाठी सालीला एक छोटी वाट करून द्यायची.

हाताशी काय हवं: मध्यम खरखरीत पॉलिश पेपर, कपडे वाळत घालायचा चिमटा, वाटीभर पाणी. नेलकटरही चालतं, पण नवख्या हाताने पॉलिश पेपरच घ्यावा. नेलकटर एकदम खोल जातं.

1. बियाचा डोळा शोधा. बी फळाला जिथे चिकटलेलं होतं तिथला छोटा खडबडीत ठिपका म्हणजे डोळा. कोंबाचं मूळ याच बाजूला दडलेलं असतं, म्हणून इथे हात लावायचा नाही.

2. बी चिमट्यात असं धरा की डोळा आत आणि गोल पाठ बाहेर येईल.

3. पाठीचा एक बिंदू पॉलिश पेपरवर घासा. चार-पाच फेऱ्या मारा, बघा, पुन्हा घासा. आधी तपकिरी भुकटी पडते. मग घासलेल्या जागी फिकट ठिपका दिसू लागतो. तो दिसला की त्याच क्षणी थांबायचं. ठिपका मोहरीएवढा पुरे. पांढुरकी भुकटी पडायला लागली तर तुम्ही सालीच्या पुढे, आतल्या दळापर्यंत पोचलात.

4. टोकरलेलं बी साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. कोमट पाणी चालेल, हाताला चटका देणारं नको.

5. सकाळी बिया बाहेर काढून शेजारी न भिजवलेलं एक बी ठेवा आणि तुलना करा. पाणी प्यालेलं बी उघड फुगलेलं, मऊसर दिसतं. जे जसंच्या तसं टणक आहे त्याची साल अजून बंद आहे. ते पुसून पुन्हा थोडं घासा आणि परत भिजवा.

6. फुगलेलं बी त्याच दिवशी पेरा.

*तपासणी:* सगळं बी एकदम टोकरू नका. आधी दहा घ्या. ती पाणी पितात असं दिसलं की हाताला अंदाज आलेला असतो, मग बाकीची.

नेहमीच्या चुका सांगतो. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवणं: सालीबरोबर आतला जीवही शिजतो. तीन-तीन दिवस भिजत घालणं: फुगलेलं बी पाण्यात गुदमरतं, आंबूस वास येतो, मग कोंब येत नाही. मार्चमध्ये टोकरून जूनसाठी साठवणं: साल उघडली की आतलं दळ हवेतली ओल आणि बुरशी घेतं. तेव्हा टोकरायचं ते पेरणीच्या आदल्या दिवशी. तेजाबाने साल जाळण्याची पद्धत प्रयोगशाळेत वापरतात. घरी तिचा विचारही नको.

टप्पा 5: पिशवीतली पेरणी

फांदीचं सोटमूळ खाली धावतं, म्हणून पसरट ट्रे किंवा कप नको. किमान 5 × 8 इंचांची पिशवी घ्या, आणखी उंच मिळाली तर उत्तम. तळाला आणि बाजूला भोकं हवीतच. दोन भाग शेतातली माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण घातलं की कोंब जळतात. नुसतं कोकोपीट वापरलं तर रोप माळावर गेल्यावर बिचकतं.

माती आदल्या दिवशी भिजवून बसू द्या. बी दीड ते दोन सेंटिमीटर खोल, पिशवीत दोन-दोन. पाणी झारीने किंवा डब्याला बारीक भोकं पाडून द्यावं. पिशव्या झाडाच्या विरळ सावलीत ठेवा.

मेच्या उष्ण हवेत नीट टोकरलेलं, पाणी प्यालेलं बी आठवडा-दोन आठवड्यांत वर येतं. वर येणारी पहिली दोन पानं वेलीच्या खऱ्या पानांसारखी नसतात. या कुळात ती बहुधा मध्ये चिरलेली असतात. ओळखू आली नाहीत म्हणून तण समजून उपटू नका. कधी बियाची साल टोपीसारखी पानांवर अडकून राहते. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडून ती मऊ होऊ द्या. ओढून काढली तर पानंही हातात येतील.

रोज पाणी देण्याची सवय इथे नडते. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. सतत ओल राहिली की रोप जमिनीलगत काळं पडून कोलमडतं. असं एक रोप दिसलं तर ती पिशवी लगेच बाजूला काढा आणि दोन दिवस बाकीच्यांचंही पाणी थांबवा.

दोन्ही कोंब आले तर अशक्त रोप कात्रीने मातीलगत कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं.

टप्पा 6: लावणी, पाऊस बसल्यावर

मृगाचा पहिला सडा पडला की लावणीची हौस येते. थांबा. अवर्षणग्रस्त भागात पहिल्या सरीनंतर पंधरा दिवस आभाळ कोरडं जाणं नवीन नाही. जमीन वीतभर खोल ओली झाली का ते खुरप्याने उकरून बघा, मगच लावा.

दुसऱ्या बाजूने, फार उशीरही नको. रोपाला चार-पाच खरी पानं आली आणि शेंडा आधार शोधू लागला की त्याची वेळ झाली. शेजारच्या पिशवीला वेढा घातलेली रोपं सोडवताना शेंडे तुटतात, आणि तोवर मूळही तळाशी गोल फिरलेलं असतं. असं रोप पहिला पावसाळा काढतं, पण उन्हाळ्यात वाळतं, कारण मूळ खोल गेलेलंच नसतं. पाऊस लांबला तर पिशव्या दर चार दिवसांनी उचलून जागा बदला, म्हणजे मुळं पिशवीतून जमिनीत शिरणार नाहीत.

जागा निवडताना तीन गोष्टी: दिवसाचं निम्मं तरी ऊन, पाणी न साचणारी जमीन आणि पक्का आधार. शेर, साबर, जुनी बोर, तारेचं कुंपण चालेल. आंबा-सीताफळाच्या नव्या कलमाजवळ, विजेच्या खांबाच्या किंवा ताणाच्या तारेशेजारी लावू नका. ही वेल वर्षागणिक लाकडी आणि जड होत जाते. कोवळं कलम तिच्याखाली दबतं.

फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा. मुरूम लागला तर पहारीने तळ आणखी थोडा फोडून ठेवा. खड्ड्यातलीच माती दोन-तीन ओंजळी शेणखत मिसळून परत भरा. पिशवी बाजूने ब्लेडने चिरा, मातीचा गड्डा न फोडता ठेवा, मान आधीच्याच पातळीवर राहू द्या. दोन रोपांत दोन मीटर अंतर. उतारावर असाल तर खालच्या अंगाला अर्धचंद्राकार बांध घाला, म्हणजे वरून येणारं पाणी रोपाशी थबकेल. शेंड्याला काठी देऊन कुंपणाकडे वळवा.

> आज संध्याकाळच्या आत: रोपाभोवती बोराटीच्या किंवा बाभळीच्या काट्या रोवा. शेळ्यांना उद्याचं आमंत्रण लागत नाही.

टप्पा 7: पहिलं वर्ष आणि खुडणी

पहिल्या पावसाळ्यात फक्त आळ्यातलं गवत काढायचं. पाऊस संपल्यावर पालापाचोळ्याचं वीतभर आच्छादन, बुंध्याला चिकटू न देता. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी मिळालं तर रोप तगतं. पानं झडली म्हणजे वेल मेली असं नाही. नखाने साल किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. या गैरसमजातून मेमध्ये उपटलेल्या वेली थोड्या नाहीत.

रासायनिक खत देऊ नका. त्याने पाला लुसलुशीत होतो आणि मावा आधी तुमच्या वेलीवर येतो.

भाजीसाठी खुडणी दुसऱ्या पावसाळ्यापासून. शेंड्याकडची दोन-तीन कोवळी पानं नखाने खुडा, वेल ओरबाडू नका. नखाने देठ सहज तुटला नाही तर पान जून झालं आहे. एका वेळी एका वेलीवरून थोडंच घ्या आणि पंधरा दिवस मोकळीक द्या. शेजारच्या शेतात तणनाशक फवारलं असेल तर त्या कुंपणावरचा पाला त्या हंगामात घेऊ नका.

खुडलेलं प्रत्येक पान पुन्हा उलटं करून बघा. कुंपणावर दोन-तीन वेली एकत्र असतात आणि भलतं पान टोपलीत येण्याची जागा हीच. लवेत माती धरते, म्हणून तीन पाण्यांतून धुवा. भाजी साधीच: बारीक चिरलेला पाला, भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ, कांदा, लसूण, हिरवी मिरची, झाकण ठेवून वाफ. काही घरांत पाला आधी उकळून पाणी टाकून देतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने तसंच करावं आणि दोन घासांवर थांबून बघावं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना पहिल्याच वेळी देऊ नये. पानं अख्खी बेसनात बुडवून भजीही करतात. त्यासाठी तळहातापेक्षा लहान पान घ्यावं, मोठ्या पानाच्या शिरा दाताखाली येतात.

वेल माजली तर छाटणी मेअखेर, पाऊस येण्याआधी. वाळक्या काड्या आणि आत गुरफटलेले फाटे काढा, जुना लाकडी बुंधा कापू नका. ऑगस्टनंतर छाटलं तर त्या वर्षीची फुलं जातात आणि पुढच्या बियांचा हिशोब बिघडतो. कुंपणाच्या वरच्या अंगाची फळं तोडायची नाहीत. खालच्या हाताला येणारी पुढच्या पाकिटासाठी पुरतात, आणि पाकिटावर या वेळी स्वतःच्या बांधाचं नाव घाला.